केमो, शेक आणि ऑपरेशनच्या काळातला व्यायाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅन्सरचे उपचार, म्हणजे केमो (औषधं), शेक (रेडिएशन) किंवा ऑपरेशन, चालू असलेल्या रुग्णांसाठी आणि त्यांची काळजी घेणाऱ्या घरच्यांसाठी ही माहिती आहे. मराठवाड्यात तोंडाचा, गर्भाशयमुखाचा आणि स्तनाचा कॅन्सर असलेले रुग्ण मोठ्या संख्येने येतात, म्हणून या तिघांवर जास्त लिहिलं आहे. खाली दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

उपचार चालू असताना व्यायाम करायचा की आराम?

व्यायाम करायचा. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. आजार बरा करण्याच्या हेतूने उपचार चालू असतील तर चालण्यासारखा दमाचा आणि वजनाचा, असे दोन्ही व्यायाम डॉक्टरांनी सुचवावेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. या व्यायामाने थकवा कमी होतो, ताकद टिकते, मन थाऱ्यावर राहतं.

केमोचा थकवा शेतात राबल्याच्या थकव्यासारखा नसतो. रात्रभर झोपलं तरी तो उतरत नाही. माणूस पडून राहतो, पडून राहिल्याने मांड्या-पिंढऱ्यांचे स्नायू झिजतात. मग मोरीपर्यंत जायलाही जास्त जोर लागतो आणि थकवा आणखी वाढतो. हे चक्र थोड्याशा हालचालीने तुटतं, नुसत्या आरामाने ते घट्ट होत जातं.

व्यायामाने कॅन्सर बरा होतो का?

नाही. केमो, शेक, ऑपरेशन यांच्या जागी व्यायाम बसत नाही, आणि तसं सांगणाऱ्यापासून लांब राहावं.

उपचारांना जोड म्हणून मात्र त्याची ताकद आता मोजली गेली आहे. 2025 मध्ये ‘चॅलेंज’ या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो झालेले 889 रुग्ण त्यात होते. निम्म्यांना तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम दिला, बाकीच्यांना आरोग्याची माहितीपुस्तिका. पाच वर्षांनी व्यायामाच्या गटात सुमारे 80 टक्के लोक आजार न उलटता होते, दुसऱ्या गटात सुमारे 74 टक्के. हा आकडा आतड्याच्या कॅन्सरचा आहे आणि केमो संपल्यानंतरच्या व्यायामाचा आहे. तो उचलून तोंडाच्या किंवा रक्ताच्या कॅन्सरला लावता येत नाही.

किती व्यायाम पुरे?

आठवड्यातून तीन दिवस 30 मिनिटं मध्यम गतीने चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. इतक्यावर थकवा आणि उदासी कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. पण हे पोहोचायचं ठिकाण आहे, पहिल्या दिवशीचं काम नाही. अंथरुणातून नुकतंच उठलेल्या माणसाने दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं अंगणात चालावं. चार-पाच दिवस ते जमलं की प्रत्येक फेरीला एक मिनिट वाढवावं. 10-10 मिनिटांचे तीन तुकडे म्हणजे 30 मिनिटंच.

घोळ बहुतेक चांगल्या दिवशी होतो. एखाद्या सकाळी तरतरी वाटते, माणूस गावाबाहेरच्या मारुतीपर्यंत जाऊन येतो आणि पुढचे दोन दिवस उठत नाही. बरं वाटलं तरी कालच्यापेक्षा फार तर पाचवा हिस्सा वाढवा. आणि वाईट दिवशी शून्यावर येऊ नका, निम्मं करा.

वेग बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. अभंगाची ओळ धाप न लागता पूर्ण म्हणता आली तर थोडं भरभर चाला. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर गती कमी करा. नाडी मोजत बसायची गरज नाही. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी मंदच राहते आणि रक्त कमी असेल तर ती उगाच पळते, त्यामुळे तो आकडा फसवतो.

जिम नाही, वजनं नाहीत. ताकदीचा व्यायाम घरी कसा करायचा?

पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक खुर्ची पुरते. अर्ध्या लिटरची भरलेली बाटली अर्धा किलो, एक लिटरची एक किलो. बाटलीत कोरडी वाळू भरली तर वजन पाण्याच्या दीडपटीहून जास्त होतं, तेव्हा सुरुवात पाण्यानेच करा.

खुर्चीवरून उठणं-बसणं हा सगळ्यांत कामाचा व्यायाम आहे. प्लास्टिकची खुर्ची शहाबादी फरशीवर सरकते, म्हणून तिची पाठ भिंतीला टेकवून ठेवा. पुढच्या कडेला बसा, पाय खांद्यांइतके फाकवा, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या. नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येईपर्यंत पुढे वाका आणि श्वास सोडत उठा. बसताना धप्पकन न बसता मनात तीन आकडे मोजत खाली या. स्नायू या खाली येण्यातही तयार होतो. आधी हाताचा आधार घ्या, जमायला लागलं की हात छातीवर बांधा. केमोसोबत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड चालू असेल तर मांड्या गळू शकतात. अशा रुग्णाने बाकी काही नाही केलं तरी एवढं करावं.

दुसरा, भिंतीवर दोन्ही तळवे टेकवून हातभर अंतरावरून छाती भिंतीकडे नेणं आणि परत ढकलणं. तिसरा, पुढे झुकून एक हात टेबलावर ठेवायचा आणि दुसऱ्या हातातली बाटली कमरेपर्यंत ओढायची, विहिरीतून पोहरा शेंदतो तशी. चौथा, चौकट धरून टाचा उचलणं. पाचवा, बाटली धरून कोपरातून हात वाकवणं.

प्रत्येक व्यायाम 8 ते 12 वेळा, मिनिटभर थांबून पुन्हा एकदा. दोन दिवसांच्या मध्ये एक दिवस मोकळा. सलग दोनदा 12 चा आकडा सहज गाठला की मोठी बाटली घेऊन पाव लिटर पाणी वाढवा. जोर लावताना श्वास कोंडू नका. श्वास कोंडला की रक्तदाब एकदम चढतो आणि पोटाच्या टाक्यांवर ताण येतो.

केमो घेतल्यावर कोणत्या दिवशी काय करायचं?

21 दिवसांचं चक्र धरू. सलाईनच्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस मळमळ, ढिलेपणा असतो. तेव्हा घरातल्या घरात 5-10 मिनिटांच्या फेऱ्या पुरेत. साधारण 7 व्या ते 14 व्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यांत खाली असतात. या आठवड्यात चालणं चालू ठेवा, पण गर्दी टाळा: आठवडी बाजार, लग्नाचा मांडव, सप्ताहाची पंगत. तिसऱ्या आठवड्यात बहुतेकांना बरं वाटतं. वजन वाढवायचं, मिनिटं वाढवायची ती याच आठवड्यात.

दर आठवड्याला केमो असेल तर हा हिशोब जुळत नाही. मग दोन केमोंच्या मधले तीन बरे दिवस कोणते ते पाहून ठेवा आणि तेच व्यायामाचे दिवस धरा.

सीबीसीचा (रक्तपेशींच्या तपासणीचा) रिपोर्ट बघून व्यायाम ठरवता येतो का?

येतो, आणि ठरवायलाच हवा. तीन ओळी बघा.

प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) 50 हजारांच्या वर असतील तर वजनाचा व्यायाम चालतो. 20 ते 50 हजारांत वजनं बंद, फक्त सपाट जागेवर हळू चालणं. 20 हजारांच्या खाली घरातली रोजची कामं आणि तीही जपून, कारण साध्या धडपडीनेही आत रक्तस्राव होऊ शकतो. इथे वाचण्याची चूक फार होते. काही लॅब प्लेटलेट्स लाखात लिहितात, काही हजारात. एकाच्या कागदावर 0.48 असतं, दुसऱ्याच्या कागदावर 48, आणि दोन्हींचा अर्थ 48 हजारच. आकड्यापुढचं एकक वाचल्याशिवाय घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका.

हिमोग्लोबिन 8 च्या खाली असेल तर दमाचा व्यायाम थांबवा. उठून मोरीपर्यंत जाणं, बसल्या जागी हातपाय हलवणं एवढंच. 8 ते 10 मध्ये हळू चाला आणि मध्ये मध्ये बसा.

न्यूट्रोफिल्सचा (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) एकूण आकडा 500 च्या खाली असेल तर व्यायाम घरातच, स्वतःच्या खोलीत. सार्वजनिक जिम, पोहण्याचा तलाव, दुसऱ्याने वापरलेली चटई नको.

कोणत्या दिवशी व्यायाम अजिबात करू नये?

ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल तर व्यायामाचा प्रश्नच येत नाही. केमोच्या काळात इतका ताप म्हणजे त्याच वेळी दवाखान्यात जायचं. पॅरासिटामॉलची गोळी घेऊन सकाळपर्यंत वाट बघणं जिवावर बेतू शकतं. घरात 100-200 रुपयांचा डिजिटल थर्मामीटर ठेवा. कपाळाला हात लावून ताप मोजू नका.

दिवसभरात अनेकदा उलट्या किंवा जुलाब, उठताना डोळ्यापुढे अंधारी, छातीत दुखणं, पडून राहिलं तरी दम, नव्याने आलेलं हाडाचं दुखणं: यातलं काहीही असेल तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. एकच पिंढरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. आपल्याकडे अशा वेळी घरचे लगेच तेल गरम करून मालिश करायला बसतात. तिथे मालिश करू नका, शेकू नका, त्याच दिवशी दाखवा. ती गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

तोंडाचा कॅन्सर आहे, शेक सुरू होणार आहे. तोंडाचा व्यायाम आतापासून का सांगतात?

कारण तोंड एकदा आवळलं की ते पुन्हा उघडणं फार अवघड जातं. शेकामुळे जबड्याच्या स्नायूंमध्ये हळूहळू ताठरपणा येतो. तो शेक चालू असताना सुरू होतो आणि संपल्यानंतरही कित्येक महिने वाढत राहतो. गुटखा, सुपारी, खर्रा खाणाऱ्यांचं तोंड आधीच कमी उघडत असतं, त्यांच्या हातात वेळ आणखी कमी असतो.

मोजमाप सोपं आहे. स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये जातात का ते बघा. दोनच जात असतील तर डॉक्टरांना सांगा. मिलिमीटरमध्ये 35 च्या खाली आलं तर तोंड आखडलं असं धरतात.

व्यायाम असा. आधी मोकळ्या तोंडाने: जमेल तेवढं उघडा, मग जबडा डावीकडे, उजवीकडे, पुढे. प्रत्येक ठिकाणी पाच सेकंद थांबा. त्यानंतर आइस्क्रीमच्या स्वच्छ लाकडी काड्या. एका काडीची जाडी साधारण दोन मिलिमीटर असते. सहज जातील तेवढ्या काड्यांची गड्डी वरच्या-खालच्या दातांमध्ये ठेवा, मग मधोमध एक काडी हळूच सरकवा. ताण जाणवला पाहिजे, कळ येता कामा नये. 30 सेकंद धरा, सोडा. असं पाच वेळा, दिवसातून पाचदा. पाचदा ऐकून लोक दचकतात, पण एका वेळेला पाच मिनिटंही लागत नाहीत. दात घासल्यावर, प्रत्येक जेवणाआधी आणि झोपताना असं बसवलं की विसरत नाही.

दर सोमवारी काड्या मोजा आणि आकडा लिहा. तोंड दिवसादिवसाने आखडतं तेव्हा माणसाला समजत नाही, पण 19 च्या जागी 17 काड्या जायला लागल्या की कागदावर दिसतं.

शेकाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड सोलवटतं आणि नेमका तेव्हाच हा व्यायाम सुटतो. तेव्हा काड्या कमी करा, पण तोंड उघडणं-मिटणं बंद करू नका. डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास घ्या. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा टाकून गुळण्या करा. समोरचे दात हलत असतील, जबड्याचं हाड कापून पट्टी बसवली असेल किंवा गालात मांडीचं मांस लावलं असेल तर सर्जनने परवानगी देईपर्यंत काड्या लावू नका.

गिळण्याचे व्यायाम वेगळे असतात आणि ते स्पीच थेरपिस्टकडून समोर बसून शिकावे लागतात. नाकात नळी असली तरी डॉक्टरांनी हरकत घेतली नसेल तर थुंकी गिळत राहा. वापर नसला की गळ्याचे स्नायूही झिजतात.

मानेतल्या गाठी काढल्यावर खांदा खाली आला आहे, हात वर जात नाही. हे ऑपरेशनमधलं काही चुकलं का?

तसं असेलच असं नाही. खांदा उचलणाऱ्या स्नायूकडे जाणारी नस याच भागातून जाते. ती वाचवली तरी ताणली जाते आणि पूर्ववत व्हायला महिने लागतात. तोवर बसताना कोपर उशीवर टेकवा, म्हणजे हाताचं वजन लोंबकळत नाही. दोन्ही खांदे मागे ओढून पाठीच्या पात्या एकमेकींजवळ आणा, पाच सेकंद धरा, 10 वेळा. उताणं झोपून चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला वर न्या. डोक्यावर ओझं आणि पाण्याची घागर नको. फवारणीचा पंप तर नकोच, त्याचा पट्टा नेमका तिथेच रुततो.

स्तनाच्या ऑपरेशननंतर हात कधी हलवायचा?

दुसऱ्याच दिवसापासून मूठ उघडणं-मिटणं, मनगट फिरवणं, कोपर वाकवणं. ड्रेनची (जखमेतलं पाणी काढणारी) नळी असेपर्यंत हात खांद्याच्या उंचीच्या वर नेऊ नका. नळी निघाल्यावर सर्जनला विचारून भिंतीवर बोटं चढवायला सुरुवात करा. भिंतीकडे तोंड करून उभं राहा, बोटांनी चालत वर जा, ताण येईल तिथे 10 सेकंद थांबा आणि खडूने खूण करा. रोज खूण वर सरकते. शेकाच्या वेळी दोन्ही हात डोक्यावर ठेवून झोपावं लागतं. खांदा आखडलेला असेल तर ती स्थितीच जमत नाही आणि शेक लांबणीवर पडतो, म्हणून ऑपरेशन आणि शेक यांच्या मधले आठवडे वाया घालवू नका.

काखेतून कोपराकडे ताणलेली दोरी चामडीखाली दिसू शकते. ती नस तुटल्याची खूण नाही. हळू ताण देत राहिलं की बहुतेकींची काही आठवड्यांत सुटते.

स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताने आयुष्यभर वजन उचलायचं नाही असं सांगतात. खरं का?

हा जुना सल्ला आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारांनंतर हात आधीच सुजलेल्या 141 बायकांना हळूहळू वाढणाऱ्या वजनाचा व्यायाम देऊन बघितला, त्याचे निष्कर्ष 2009 मध्ये आले. वजन उचलण्याने सूज वाढली नाही, उलट सूज अचानक बळावण्याचे प्रसंग कमी झाले. पण त्या बायकांनी देखरेखीखाली शिकून, दाबपट्टी घालून, थोड्या वजनापासून सुरुवात केली होती. पहिल्याच दिवशी 15 लिटरचा हंडा कडेवर घेणं यात मोडत नाही.

सूज ओळखायचं साधन बाईच्या हातातच असतं: त्या हातातल्या बांगड्या घट्ट व्हायला लागल्या, काढताना साबण लागायला लागला की समजा. मग टेप घेऊन दोन्ही हातांचा घेर कोपराच्या 10 सेंटिमीटर वर आणि 10 सेंटिमीटर खाली मोजा. दोन सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर दाखवा. मोजताना टेप आवळू नका, आणि दरवेळी त्याच वेळेला मोजा, कारण संध्याकाळी हात थोडा जडच असतो.

शेतकामात ओझ्यापेक्षा ओरखड्याची भीती जास्त. कापूस वेचताना बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं चिरतात, तुरीच्या काढणीत तुराट्या टोचतात, आणि त्यातून जंतू शिरले की हात लालबुंद होऊन ताप भरतो. पूर्ण बाहीचा सदरा, हातमोजे आणि ओरखडा पडल्यावर लगेच साबणाने धुणं. त्या हातावर इंजेक्शन, सलाईन आणि बीपीचा पट्टा शक्यतो नको.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा शेक चालू आहे. जुलाब होतात, चालायचं कसं?

जेवणानंतर लगेच नाही आणि संडासापासून लांब नाही. घराभोवती 10 मिनिटांच्या फेऱ्या घाला. दिवसात चार-पाचपेक्षा जास्त पातळ जुलाब होत असतील तर व्यायाम सोडा, ओआरएस घ्या आणि डॉक्टरांना सांगा. आतून (नळ्या घालून) शेक देतात त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण विश्रांती.

ओटीपोटाच्या स्नायूंचा व्यायाम इथे महत्त्वाचा, आणि संकोचापायी नेमका तोच कुणी विचारत नाही. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच आत-वर ओढायचे, पाच सेकंद धरायचे, 10 सेकंद सोडायचे. 10 वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या आवळल्या जाणार नाहीत याकडे लक्ष द्या. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा व्यायाम करू नका. शेक संपल्यावर योनीमार्ग आकसू नये म्हणून डायलेटर (योनीत घालायची गुळगुळीत नळी) वापरायला सांगतात. कधी आणि कसा, हे सिस्टरला एकांतात विचारा, त्यांच्यासाठी हा रोजचा प्रश्न आहे.

आजार हाडात पसरला आहे. आता व्यायाम बंद ना?

बंद नाही, बदललेला. कोणत्या हाडात आणि कितपत, हे स्कॅन बघून डॉक्टरांनी सांगितल्यावरच सुरू करा. मणक्यात असेल तर कंबरेतून वाकणं, पिळणं आणि वजन उचलणं बंद. मांडीच्या हाडात किंवा खुब्यात असेल तर उड्या, जिने आणि एका पायावर उभं राहणं बंद. सपाट जागेवर काठी घेऊन चालणं, पडल्या पडल्या घोटे हलवणं बहुतेकांना चालतं.

पाय अचानक लुळे पडले, कमरेखाली बधिर झालं, लघवी अडली तर मज्जारज्जू दाबला जात असू शकतो. काही तासांचा उशीरही कायमचं अपंगत्व देऊ शकतो. गाडी करा आणि निघा.

तळपायाला मुंग्या येतात, चप्पल निसटलेली कळत नाही.

पॅक्लिटॅक्सेल, सिस्प्लॅटिन, ऑक्झॅलिप्लॅटिन, विनक्रिस्टिन या औषधांनी नसा बधिर होतात. धोका तोल जाण्याचा आहे. स्लीपर सोडून मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट घाला, ओल्या मोरीत पोतं किंवा रबरी चटई टाका, अंधारात उठू नका. ओट्याला धरून एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या चवड्यापुढे एका रेषेत ठेवून 20 सेकंद उभं राहा. ऑक्झॅलिप्लॅटिननंतर काही दिवस माठातलं गार पाणीसुद्धा हातापायाला टोचतं, थंडीत पहाटे चालणं तेव्हा टाळा.

कॅपेसिटॅबिनच्या गोळ्यांनी तळपाय लाल होऊन सोलत असतील तर ती गोष्ट निराळी. तेव्हा लांब चालणं कमी करून बसून करायचे व्यायाम वाढवा, कारण घर्षणाने सालं आणखी निघतात.

लाल रंगाची केमो घेतल्यावर हृदय कमजोर होतं म्हणतात.

लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन आणि स्तनाच्या कॅन्सरमधलं ट्रास्टुझुमॅब या औषधांचा काही जणांच्या हृदयावर परिणाम होतो, म्हणून अधूनमधून टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात. इको ठीक असेल तर चालण्याला अडचण नाही. सपाट पडलं की दम लागणं, दोन्ही पावलांवर सूज किंवा दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणं दिसलं तर व्यायाम थांबवून दाखवा.

केमोसाठी छातीत पोर्ट (चामडीखाली बसवलेली डबी) किंवा दंडात पिक लाईन (शिरेत घातलेली लांब नळी) आहे.

पोर्टची जखम भरल्यावर जवळजवळ सगळं चालतं. पिक लाईनच्या हाताने जड ओझं आणि वारंवार डोक्यावर हात नेण्याचे व्यायाम नकोत, नळी जागची हलते. विहिरीत, तळ्यात पोहणं बंद. घामाने चिकटपट्टी सुटली तर ती स्वतः दाबून चिकटवू नका, बदलून घ्या.

तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र दिलंय. फुंकायचं की ओढायचं?

ओढायचं. बरेच लोक फुंकतात आणि चेंडू हलत नाहीत म्हणून यंत्र बिघडलंय असं समजतात. पूर्ण श्वास सोडा, नळी ओठांत घट्ट धरा, सावकाश आत ओढा. तिन्ही चेंडू उडवण्याची शर्यत नाही. एक-दोन चेंडू दोन-तीन सेकंद वर तरंगत राहणं जास्त उपयोगाचं. जागेपणी तासाला 10 वेळा.

प्राणायाम, सूर्यनमस्कार चालतील?

अनुलोम-विलोम, भ्रामरी, दीर्घ श्वसन बहुतेकांना चालतं. कपालभाती पोटाच्या ऑपरेशननंतर, पोटावर स्टोमाची (शौच-लघवीची) पिशवी असताना किंवा मेंदूत गाठ असताना नको. आधी रोज सूर्यनमस्कार घालणाऱ्याने निम्म्या संख्येने चालू ठेवावेत. हाडात आजार असेल तर मात्र नाही. नव्याने शिकायची ही वेळ नव्हे.

उन्हाळ्यात काय करायचं?

परभणी, नांदेडकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या पुढे जातो. सकाळी सातच्या आत उरका. संध्याकाळी जमीन तापलेलीच असते, त्यामुळे पहाट बरी. निघण्याआधी एक पेला पाणी, आल्यावर एक. लघवी पिवळीजर्द असेल तर त्या दिवशी घरात पंख्याखाली करा. शेक घेतलेल्या जागेवर ऊन पडू देऊ नका आणि तिथे सैल सुती कपडा घाला, घाम आणि घासणं यांनी तिथली चामडी फाटते.

मी घरातलं सगळं करते. तोच व्यायाम नाही का?

काही अंशी. झाडणं, भांडी, भाकरी थापणं यात हालचाल आहे, पण सलग दम लागत नाही आणि तेच तेच स्नायू वापरले जातात. बाईच्या बाबतीत उलट बाजूही बघायला हवी: केमोच्या तिसऱ्या दिवशी ती दहा माणसांच्या भाकरी थापत असेल तर तिला व्यायाम नाही, मदत लिहून द्यायला हवी. दिवसाची ताकद मोजकी असते. त्यातली 20 मिनिटं तिच्या चालण्यासाठी राखून ठेवणं हे घरच्यांचं काम.

खाणं किती लागतं? उपवास चालतो का?

प्रथिनं मिळाली नाहीत तर व्यायामाने स्नायू वाढत नाही. वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 50 किलोच्या माणसाला 60 ते 75 ग्रॅम. अंड्यात 6, पाव लिटर दुधात 8, मूठभर शेंगदाण्यात 7, वाटीभर घट्ट वरणात 6-7 ग्रॅम. सोयाबीन लातूरकडे पोत्यांनी पिकतं आणि सगळं आडतीवर जातं, ताटात येत नाही. 30 ग्रॅम सोयावडीत 15 ग्रॅम प्रथिनं असतात. नेहमीच्या खाण्याइतकं सोयाबीन स्तनाच्या कॅन्सरमध्येही चालतं, सोयाच्या गोळ्या नकोत. तोंड आलं असेल तर ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून, मुगाचं पातळ वरण, मऊ अंडं. किडनीचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टर ठरवतील.

निरंकार उपवास उपचार संपेपर्यंत बाजूला ठेवा. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास शून्य.

उपचारासाठी संभाजीनगर, बार्शी नाहीतर मुंबई गाठावी लागते. प्रवासात काय?

एसटीत किंवा देवगिरी एक्सप्रेसमध्ये सहा-आठ तास पाय लोंबकळत राहिले की गुठळीचा धोका वाढतो. दर तासाला पावलं वर-खाली 20 वेळा, मग टाचा टेकवून चवडे उचला. गाडी थांबली की उतरून चार पावलं टाका. लघवी लागेल म्हणून पाणी तोडू नका.

फिजिओथेरपिस्ट कुठे भेटतील, त्यांना काय सांगायचं?

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, अंबाजोगाई इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत चौकशी करा. संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालयही आहे. जाताना डिस्चार्ज कार्ड, ताजा सीबीसी, स्कॅनचा रिपोर्ट आणि केमोची तारीख लिहिलेला कागद न्या. पहिल्याच वाक्यात आजार कुठे आहे आणि हाडात आहे का ते सांगा. गाठ असलेल्या किंवा होती त्या जागी अल्ट्रासाउंडचा शेक किंवा खोल मालिश घेऊ नका. मशीन लावण्याआधी तुम्हीच आठवण करून दिलीत तर बिघडत नाही.

पहिल्या भेटीत सहा मिनिटांत किती मीटर चालता आणि अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता ते मोजून घ्या. महिन्याने तीच दोन मोजमापं पुन्हा करा. दोन्ही आकडे घसरले असतील आणि व्यायाम नीट चालू असेल, तर कारण बहुधा रक्तात, खाण्यात किंवा आजारात आहे. तो कागद घेऊन कॅन्सरच्या डॉक्टरांकडे जा.